आकसणीची सूट

शनिवारी रात्री पीसीचा पत्रा काढला.
चार स्क्रू. तीन वाटीत पडले,
चौथा टेबलाखाली घरंगळत गेला तो गेलाच.

सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात,
कडधान्याच्या डब्यांना टेकून;
त्याच्या पंख्याला मिरचीपुडीचा वास कायमचा लागलाय.
आत दोन डिस्का, चार-चार टीबीच्या,
एकीवर जे, तेच दुसरीवर.
डावी हल्ली खरडते, बोथट पटाशीसारखी.
मेलेली नाही. पीसीत हलकंसलकं काम करेल.
पीसीतली इकडं, इकडची तिकडं. एवढाच बेत.

आधी पीसीतलं सगळं सर्व्हरवर ओतलं:
व्हॉल्व्हच्या बॉड्या, पंपांची केसिंगं,
ज्याचे पैसे अजून यायचेत त्या गिअरचं ड्रॉइंग.
आण्णांच्या वह्या तिथं आधीपासूनच होत्या,
पानन्‌पान स्कॅन केलेल्या.

शाहूपुरीत पाणी शिरलं त्या साली
दुकानातले सागवानी पॅटर्न फुगले.
कुठं अर्धा सूत, कुठं एक.
आण्णा कॅलिपर लावून बघत होते, पुसून पुन्हा लावत होते.
मग काही न बोलता बंबाला दिले.
त्या दिवाळीत मी सर्व्हर घेतला.

डावी बाहेर आली तेव्हा कोमट होती,
साचा दुपारी फोडून
संध्याकाळी हातात घ्यावा तशी.
तिच्या जागी पीसीची चार टीबीची सरकवली.
सर्व्हर म्हणाला, अपुरी.
काढली, फुंकर मारली, लावली.
अपुरी.
लेबलावर चारच्या चार, छापील.
पण कंपनी वेगळी,
आणि आत कुठंतरी एका फोटोएवढी जागा कमी.
एका फोटोएवढी!

आण्णा पाणी प्यायला उठलेले.
"काय करायलाईस पोरी, ह्या वक्ताला?"
सांगितलं. टीबीबिबी त्यांनी सोडून दिलं,
नेमकं तेवढंच उचललं.
"सूट धरली न्हाईस."
"कसली?"
"आकसणीची. बिडाला फुटामागं एक सूत.
मापाला माप लावून कुठं पॅटर्न करत्यात व्हय?"

मग पीसीतली मोठी काढली, सहाची.
जिवावर आलं. वर्ष नाही झालं घेऊन.
सर्व्हरनं मुकाट घेतली,
सहातले चारच वापरणार म्हणून.
"दोन वाया गेले," मी म्हटलं.
आण्णांनी भांडं पालथं घातलं.

अकरा तास लागतील, असं पडद्यावर आलं.
अकरा तास सगळं घर एका डिस्कवर,
एका पायावर.
पावणेदोनला लाइट गेली.
यूपीएस खुडूक कोंबडीसारखा बोंबलायला लागला.
राजारामपुरीची आमची गल्ली अख्खी काळी,
जिन्याखाली हिरवा ठिपका,
पायरीवर आम्ही दोघं.
"किती झालं?"
"चौदा टक्के."
"निवू दे."
"आण्णा, ओतकाम नाही ते."
"कळतंय मला."
लाइट आली तेव्हा यूपीएसमध्ये चार मिनिटं उरली होती.

रविवारी दुपारी जुनी डिस्क पीसीला लावली.
पीसीला ती कोरी दिसली.
फॉरमॅट करायची का, विचारलं त्यानं, अगदी नम्रपणे.
आत वह्या होत्या, सगळ्या,
त्याला न येणाऱ्या लिपीत.
'हो'वर बाण नेला.
मग म्हटलं, थांबतो जरा.

डिस्क पेपरात गुंडाळून
आण्णांच्या हत्यारपेटीत ठेवली, पटाश्यांच्या खाली.
त्यांनी बघितलं. विचारलं नाही.
पीसीचा पत्रा तीन स्क्रूंवर बसतो,
फक्त जरा थरथरतो.