चाळीस मिनिटांचा रस्ता

पिवळा दिवा लागला तेव्हा मी इशबेलच्या फाटकाशी,
गाडी चालू, दार उघडं, काखेत औषधांची पेटी.
दिव्यावर एक नळकांडं काढलेलं,
आत ठिपके.
म्हटलं, असेल काहीतरी, आधी इशबेलचं ड्रेसिंग.

आमच्या बेटावर रस्ता एकच, साडेसात मैलांचा.
त्यात एकोणीस फाटकं,
आणि मेंढ्या, ज्यांना हॉर्न म्हणजे जेवणाचं बोलावणं वाटतं.
चौथा गिअर लग्नातल्या चांदीच्या चमच्यांसारखा,
आहे एवढं माहीत.

ओबनहून टॉर्कल फोनवर म्हणाला, तोंडात घास असावा :
"दारोदार थांबतेस ना? मग काजळी साठणारच.
फिल्टर तापला तरच ती जळते.
चाळीस मिनिटं चालव, न थांबता,
काटा अडीच हजारांच्या खाली येऊ देऊ नकोस."
मी खिडकीबाहेर पाहिलं.
चाळीस मिनिटं न थांबता म्हणजे
तेहतीस मिनिटं समुद्रात.

म्हणून गुरुवारच्या बोटीचं तिकीट.
गाडीचं, माझं, आणि मर्डोचं,
कारण तो धक्क्यावर टोपी घालून उभाच होता.
"मी कुठेच जात नाहीये. नुसतं जाऊन परत यायचंय."
"बरंच झालं," म्हणाला, "मलाही कुणाला भेटायचं नाही."

मर्डोची छाती मला पाठ आहे.
दर मंगळवारी ऐकते :
उजवीकडे खाली गंजलेली बिजागरी,
डावीकडे कुणीतरी ओल्या शिंपल्यांवरून चालतंय.
बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत,
मग पीटच्या चुलीपुढे.

कॉनेलचा पूल गेला. इंजिन ओरडत होतं,
आणि पाय मागे घ्यायची सवय
मी दातांत धरून ठेवली होती.
पुढे एक कॅरॅव्हॅन, पाठीला तीन सायकली.
चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला मागे टाकलं.
मर्डो गेलिकमध्ये काहीतरी पुटपुटला,
प्रार्थना असावी, किंवा शिवी.

लॉक ऑच्या काठाने वास यायला लागला,
विसरलेल्या इस्त्रीचा.
"आम्हीही करायचो हे," मर्डो म्हणाला.
"चिमणीत वाफ सोडायची, रात्री, भर समुद्रात.
सकाळी डेक काळा, कॅप्टनचे वाळत घातलेले शर्टसुद्धा.
पण किनारा दिसत असताना कधीच नाही.
लोक बघतात."

मी आरशात पाहिलं. मागे कुणी नव्हतं.
आणि मग मीच बोलायला लागले,
फेब्रुवारीतल्या त्या धुक्याच्या रात्रीबद्दल,
हेलिकॉप्टरचा आवाज तीनदा डोक्यावर येऊन परत गेला ती,
आणि मी सकाळपर्यंत एक हात धरून बसले होते,
कुणाचा ते सांगितलं नाही.
त्याला माहीत होतं. बेटावर सगळ्यांना माहीत होतं.
म्हणूनच तर कुणाशी बोलता आलं नव्हतं.
काटा अठ्ठावीसशेवर.
मर्डो डोंगर बघत राहिला,
मेंढ्या मोजतोय असं दाखवत.

डालमालीच्या पुढे चढ लागला.
दिवा नक्की कधी विझला
दोघांनाही कळलं नाही.

परतताना टॉर्कलने गाडीला वायर जोडली,
पडद्यावरचे आकडे बघून मान डोलावली.
"काजळी गेली. राख आहे थोडी.
ती जळत नाही, राहतेच.
भरायला वर्षं लागतात. तेव्हाचं तेव्हा बघू."
पैसे घेतले नाहीत,
मर्डोने आणलेली अंडी मात्र घेतली.

बोटीच्या पोटात गाडी बंद केली
तरी पंखा बराच वेळ फिरत होता.

मंगळवारी मर्डोचा शर्ट वर केला.
बिजागरी तिथेच, शिंपले तिथेच.
"खोल श्वास घे," म्हटलं. "आता सोड."
"सोडलाय," म्हणाला,
"डालमालीला."
आणि इतका हसला की खोकला लागला,
पाणी आणायला मला
स्वयंपाकघरात पळावं लागलं.