चॅनल बारा, साखर पेठ

रजत महोत्सवाची स्मरणिका निघतेय म्हणे,
तर सुरुवातीचं काहीतरी सांगा.
पोरगी वही उघडून बसलीय. चहा निवला तिचा.

सांगतो की.
पण मी मालक नव्हतो, मी गच्चीवरचा माणूस.
खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं, कमरेला पक्कड.
कुणाचं वाळवण कुठं, कुणाचं कुत्रं सुटं,
एवढं पाठ.

स्टुडिओ म्हणजे नरसय्या येमूलच्या मागांवरची खोली.
खाली सोळा माग, रात्रंदिवस खटक खटक.
राजमणी गुंटूक बातम्या वाचायच्या, बोटांना विडीच्या तंबाखूचा वास.
त्यांचा आवाज मागांत बुडायचा,
म्हणून चारी भिंतींना चादरी ठोकल्या,
सेकंडच्या, धागा सुटलेल्या,
मोर उलटा विणला गेलेल्या.
पंखा लावला की माईक फुरफुरायचा.
पंखा बंद. दिव्यांखाली बाई घामानं निथळत म्हणायची,
नमस्कार.

पहिली बातमी कुठली?
पाणी. दुसरं काय.
आज कुठल्या पेठेत, किती वाजता.
आधी मराठीत, मग तेलुगूत,
कन्नडसाठी खालचा चनबसप्पा दुकान सोडून वर यायचा,
तराजू तसाच झुलत.
एकदा भवानी पेठेचं पाणी आम्ही चुकून शुक्रवार पेठेला दिलं.
दिवसभर घागरी मांडून बसले लोक.
संध्याकाळी मी गच्चीवर, खाली बायका,
"उतर बे खाली, बघतेच तुला!"

सव्वासातला शेजारच्या कारखान्याचे माग सुरू झाले
की व्होल्टेज पडायचं.
राजमणीबाईंचा चेहरा चारी बाजूंनी आत सरकायचा,
लिंबाएवढा व्हायचा.
लिंबाएवढ्या बाई वाचत राहायच्या.

आणि भोंगा.
गिरणीचा, सकाळी सातचा. आमच्या बातम्याही सातच्या.
नमस्कारच्या आधी तो यायचाच, चादरींना न जुमानता.
येमूल वैतागायचा,
त्या गिरणीला सांगा रे कुणीतरी, दोन मिनिटं थांब म्हणावं.

थांबली गिरणी.

त्या सोमवारी नमस्कारच्या आधी काहीच आलं नाही.
राजमणीबाई वाट बघत राहिल्या,
कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालू.
मग फोन वाजला. म्हातारा आवाज.
"जुनी कॅसेट असंल तर लावा की ओ.
अंगाला कळंना, सकाळ झाली म्हणून."

लावली.
मी तेव्हा पलीकडच्या बोळात, जिन्याच्या टोकावर.
घराघरांतून भोंगा एकदम बाहेर आला
मीच ओढलेल्या वायरीतून,
आणि खाली एक माणूस
हातात डबा नसताना
डबा धरल्यासारखी मूठ करून उभा राहिला.

आठवडाभर लावली.
मग लग्नसराई आली. कोरी कॅसेट महाग.
येमूलनं तिच्यावर कुणा बिराजदारांचं लग्न घेतलं.

असंच गेलं गं सगळं.
पाण्यावर बारसं, बारशावर निवडणूक, निवडणुकीवर गड्ड्याची जत्रा.
लिही, सुरुवातीचं चित्रीकरण उपलब्ध नाही.

पण बिराजदारांकडं जाऊन बघ कधी.
अक्षता पडतात, पंगती उठतात,
नवरी रडून मोटारीत बसते, पडद्यावर मुंग्या येतात.
बंद करू नको.
मुंग्या सरल्या की एक चादर दिसते, मोर उलटा.
बाई पदरानं कपाळ टिपतेय.
भोंगा व्हायचाय अजून.