पाचशे सतरा नॅनोमीटर

द्राक्षं वायनरीत जातात.
आमच्या प्रयोगशाळेत येतो चोथा:
सालं, देठ, बिया, निळ्या पिंपात,
गिरणारे रोडवरून टेम्पोने, आंबूस वासासकट.
शिपाई नाक दाबून सही घेतो.

मी बिया निवडते. धुते. वाळवते
चाळीस अंशांवर, त्याहून जास्त नाही,
नाहीतर जे शोधायचं तेच करपतं.
मग दळण, अल्कोहोल, रात्रभर थांबणं.
सकाळी चंचुपात्रात उतरलेला असतो
कोऱ्या चहाचा रंग.
(चाखायचा नसतो. एकदा चाखलाय. जीभ दुपारपर्यंत तुरट.)

परीक्षा साधी:
एक गडद जांभळं द्रावण,
त्यातल्या प्रत्येक रेणूत एक इलेक्ट्रॉन
बिनजोडीचा, दिसेल त्याला ओरबाडणारा.
मी अर्काचे थेंब सोडते.
बी आपल्यातलं थोडं देऊन टाकते
आणि तरी बिघडत नाही.
अर्ध्या तासात जांभळं पिवळं पडतं.
बावीस वर्षं झाली, अजूनही
मी मान वर करून बघते,
कुणी पाहिलं का.

रंगनाथदादा नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये होता.
कोरी गड्डी अंगठ्याखालून फर्रकन सोडायचा
आणि मधलीच एक ओढून काढायचा, "हिची शाई बसली नाही."
तेव्हा तो छताकडे बघत असायचा.

आता साखरेला अठरा वर्षं झाली.
बोटांना शर्टाचं बटण सापडत नाही.
तळव्यात रुतलेला खिळा
मोजा ओला लागला तेव्हा कळला, तोही वहिनीला.
परवा दूधवाल्याला पैसे देताना
त्याने नोट खालच्या ओठाला लावली.
तिथे अजून कळतं म्हणाला.

"तुझ्या बियांचं काय झालं?"
उंदरांच्या नसा थोड्या सुधारल्या, दादा.
"मग?"
मग काय. पोटातून रक्तात किती जातं,
रक्तातून बोटाच्या टोकापर्यंत किती उरतं,
ते नळीत दिसत नाही.
नळीला आतडं नसतं, यकृत नसतं,
अठरा वर्षं नसतात.

एका रविवारी त्याने बाटली पुढे केली.
शालिमारच्या दुकानातली, साठ गोळ्या, अकराशे रुपये,
वर द्राक्षाचा घड, दवबिंदूंसकट.
"बघून सांग. खरी की खोटी?"

सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर
मी एक गोळी फोडली.
पाच मिनिटांत पिवळं.
आमच्या अर्काहून लख्ख.

संध्याकाळी फोन केला नाही, गेलेच.
म्हटलं, खरी आहे.
पण तुझ्या अंगात चालते का, ते मला माहीत नाही.
तो बराच वेळ हसला,
"म्हणजे नोट अस्सल, पण बाजार परक्या मुलखाचा."
मग रोजच्या गोळीची पट्टी दातांनी फाडली.
इन्सुलिन मी भरलं.

बाटली फ्रिजवर आहे, एकोणसाठ गोळ्या.
त्याने फेकली नाही.
मीही फेक म्हटलं नाही.
उद्या दुसरं पिंप यायचंय.