अकरा टक्के

शनिवारी जेलरोडला लाइट नसते,
सकाळी नऊपासून, कधी चार, कधी साडेचार.
इन्व्हर्टरवर खुर्ची, एक दिवा आणि कुलथे मॅडमचा लॅपटॉप.
बाकी सगळं ज्याचं त्याने बघायचं.
स्कॅनरचं मी बघते.

दोन बॅटऱ्या. एकीवर मी नेलपेंटचा लाल ठिपका दिलाय, ती जुनी.
चाळीस दाखवते आणि बघता बघता अकरावर येते.
डब्यात पीठ आहे म्हणावं
आणि झाकण काढलं की तळ, तसं.

कंपनीचा माणूस आला होता शिकवायला.
म्हणाला, मशीन शहाणं आहे,
खाली ठेवलं की अर्ध्या मिनिटात डोळा मिटतं,
उचललं की जागं.
हे नाही सांगितलं त्याने
की जागं होतानाच ते अधाशासारखं खातं,
दहादा झोपवून उठवण्यापेक्षा
एकदाच नीट जागं ठेवलेलं परवडतं.
ते मला वहीत टक्के लिहून लिहून कळलं.

आणि टोकाचा तो आरसा. नखाएवढा.
त्याला गरम ठेवावं लागतं,
नाहीतर तोंडातल्या वाफेने धुरकटतो.
आमच्या या मशीनमध्ये उजेडापेक्षा
ही ऊबच जास्त चार्ज पिते.
म्हणून पेशंट खुर्चीत टेकेपर्यंत
मी ते टोक पिशवीसकट मुठीत धरून बसते.
मॅडम हसतात.
हसू देत. दोन टक्के वाचतात.

आज यादव गायधनी आले, पळसे गावचे.
नोटप्रेसमध्ये तेहतीस वर्षं, मोजणीला.
खाली डावीकडे दाढ नाही, ब्रिज बसवायचा.
लाल ठिपकेवाली बॅटरी, अकरा टक्के.
दुसरी मी काल चार्जिंगला लावायची विसरले.
हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

मॅडम शेवटच्या दाढेपासून सुरू करतात.
स्क्रीनवर जबडा उमटायला लागतो, आधी राखाडी, मग खरा.
आणि गायधनी बोलतात.
"ही दाढ ना मॅडम, पंच्याण्णव साली..."
स्कॅनर जिभेला दात समजून गोंधळतो, थांबतो.
उजेड चालू, ऊब चालू, काम बंद.
नऊ.
"तेव्हा आमची ही होती..."
आठ.

मी म्हटलं, काका, प्रेसमध्ये मोजताना बोलायचात का?

माझ्याकडे बघितलं त्यांनी. रागाने नाही.
मग आ वासला आणि डोळे छताला लावले,
अंगठा मात्र मांडीवर हलत होता,
कसलंतरी बंडल सुटत होतं त्याच्याखालून.

सहा. पाच.
मॅडमनी हात उचललाच नाही,
आतून, वरून, बाहेरून,
शिवताना कोपऱ्यावर कापड वळवावं तसं सावकाश.
तिनाला एक भोक राहिलं होतं स्क्रीनवर,
रिकाम्या जागेच्या कडेला, तांदळाच्या कणीएवढं.
मॅडमनी मनगट किंचित तिरकं केलं.
भरलं.
मग मशीन मिटलं,
आम्ही ठेवलं म्हणून नाही.

गायधनींनी चूळ भरली, रुमालाने मिशी पुसली.
"किती उरलं होतं?"
"एखादा टक्का असेल."
"मग उरलंच की."

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी
पंच्याण्णव साल पुरं केलं.
दाढ काढल्यावर तोंडात कापूस,
बिटको चौकातून घरापर्यंत पायी,
रिक्षाचे पैसे वाचवायचे म्हणून.
हे एक शब्द बोलू शकत नव्हते
आणि ती सगळ्या रस्ताभर बोलत होती.
काय बोलत होती ते आता आठवत नाही म्हणाले.
भाजीचं काहीतरी. पडद्यांचं काहीतरी.

मी बॅटरी चार्जरमध्ये घालून ठेवली होती, लाइट नसतानाच.
पावणेपाचला नारिंगी दिवा लागला.
वहीत लिहिलं: शून्यापासून, पावणेपाच.
ते अजून बोलत होते.