पडताळणी

मंगळवारी मी दावे ऐकते.
मचाकोसची पत्र्याची कचेरी,
एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट,
कपाटात फुगलेल्या वह्या: किंग्ज आफ्रिकन रायफल्स.
क्रमांक, नाव, गाव,
कुठल्या जहाजाने गेला, कुठल्या जहाजाने आला.
शेवटचा रकाना पुष्कळदा कोरा.

खोटा माणूस मला चालीवरून कळतो, असं पूर्वी म्हणायचे.
आता म्हणत नाही.
एकाने दारातूनच असा सलाम ठोकला
की माझा चहा हिंदकळला;
लढाई संपली तेव्हा तो जन्मलाही नव्हता.
आणि एक खरा, पदकासकट,
नदीचं नाव विचारलं तर म्हणाला,
"पोरी, नदी होती. ओली होती."

किथेका मुलवा आला ऑगस्टात,
गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ,
हातात सायझलची पिशवी, पिशवीत काहीच नाही.
ना डिस्चार्जचं पुस्तक, ना बिल्ला, ना फोटो.
"बोला," म्हणाले.
बोलला.

काबावच्या खोऱ्यातला चिखल
खेचरांना पोटापर्यंत कसा गिळायचा.
सार्जंट रोज सकाळी जिभेखाली बोट घालून बघायचा
पिवळी गोळी पोटात गेली की थुंकली,
आणि त्या गोळीने तळहात
पाडाच्या आंब्यासारखे कसे व्हायचे.
चिंदविनवरचा तरंगता पूल, त्यावर चालताना
पावलांची लय मोडायचा हुकूम.
न्झाउ नावाचा स्वयंपाकी, स्वतःचं पोट दोन्ही हातांत धरून
विचारत होता, भात करपला का?

मी वह्या काढल्या. तारखा जुळल्या. पलटण जुळली.
क्रमांक त्याने न अडखळता सांगितला,
मधलं शून्य जरा लांबवून,
झोपेत सांगावं तसं.

क्रमांकापुढे नाव होतं: म्बिथी मुलवा.

"माझा भाऊ," तो म्हणाला, "थोरला,"
आणि बंद पंख्याकडे बघत राहिला.

"तो परतला तेव्हा मी नऊ वर्षांचा. खाट एकच.
दिवसा शेळ्या राखायचा, चकार शब्द नाही.
रात्री सगळं बोलायचा, माझं मनगट आवळून.
अकरा वर्षं.
मग तो गेला, आणि त्याच्या रात्री माझ्याकडे आल्या.
मी बायकोला चिखलातून ओढतो.
नातू रडला की विचारतो, भात करपला का."

मी पेन खाली ठेवलं. नियम सांगितला:
ऐकलेल्या लढाईला पेन्शन नाही.
मिळालं तर विधवेला, आणि म्बिथीने लग्नच केलं नव्हतं.

"पैसे कोण मागतंय?" तो म्हणाला.
"तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं ना?
मग बघून सांग, मी तिथे होतो का."

मी बघितलं. उत्तर ठाऊक होतं तरी बघितलं,
भरतीच्या यादीपासून जहाजांच्या यादीपर्यंत,
ओळीवरून बोट सरकवत, दोन तास.
जेवायची वेळ टळली. तो खाकरलासुद्धा नाही.

"नाही," म्हणाले. "तुम्ही तिथे नव्हता."

"लिहून दे."

असा दाखला आमच्याकडे नसतो.
एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिला:
किथेका मुलवा, राहणार म्वाला,
यांनी कुठल्याही युद्धात सेवा केल्याची नोंद नाही.
जरा थांबून खाली आणखी एक ओळ, जी नियमात बसत नाही:
ते तेव्हा लहान होते, घरी होते.

शिक्का तिरका पडला. पुन्हा मारला.
त्याने मला तो कांबा भाषेत वाचायला लावला,
मग आणखी एकदा, सावकाश.
घडी घालून पिशवीत ठेवला,
पिशवी काखेत घट्ट धरली.

दारात वळला.
"हा रात्री दाखवला तर चालेल ना?
तिथे अंधार असतो."

मी म्हणाले, शिक्का मोठा आहे.