तिसरं प्रूफ

मगदूम सर यायचे दुपारी, बेडकिहाळहून निघून,
निपाणीत गाडी बदलून; सदऱ्याला तंबाखूचा वास.
ओढत नव्हते. जैनाचं घर.
त्या स्टँडवर जो थांबेल त्याला तो वास लागतोच.

बेळगावात गणपत गल्लीच्या मागं आमचा छापखाना.
उजव्या हाताला नागरीची केस, डाव्या हाताला कन्नडची.
त्यांच्या पुस्तकाला दोन्ही लागायच्या,
शिवाय एक काडेपेटी, ग्रीक अक्षरांची,
हुबळीच्या बंद पडलेल्या प्रेसातून किलोवर आणलेली.
तीत लॅम्डा दोनच. ओळीत तिसरा आला
की मी इंग्रजी वाय उलटा खोचायचो.
सर चष्मा वर करून बघायचे.
"राहू दे. उजेडाला कळायचं नाही."

चौदा वर्षं जर्मनीत, येना गावी, भिंगं तपासली त्यांनी.
बायको तिथलीच, इर्मगार्ड.
'ळ' म्हणायला तिला सात वर्षं लागली
आणि आला तो थेट होळिगेत, सासूच्या कन्नडातून.

एकदा खिशातून खडा काढला, बर्फासारखा,
ठेवला माझ्या ओल्या प्रुफावर.
एका ओळीच्या दोन ओळी.
"फिरव," म्हणाले. फिरवला.
एक ओळ जागच्या जागी,
दुसरी तिला प्रदक्षिणा घालते.
"आता सांग मल्हारी, छापलीस ती कुठली?"
मी म्हटलं, मजुरी एकाच ओळीची मिळते.
इतके हसले की भैरू शाईचा रूळ सोडून बघायला आला.

चूक माझी, ती पुढं झाली.
हस्तलिखितात जागोजागी 'खरं':
कण दिसतो खरं तो तिथं नसतो.
आत्मा आहे म्हणतात खरं मोजला कुणी?
घरी आम्ही असंच बोलतो. जेवलो खरं पोट भरलं नाही.
खरं पुस्तक म्हणजे पुस्तक, पुण्याला जाणार.
मी सगळीकडे 'पण' जुळवला. एकोणचाळीस जागी.

दुसऱ्या प्रुफात एकोणचाळीसही खोडलेले.
समासात पेन्सिलीनं:
"बाकी ठिकाणी 'पण' आला की आधीचं खोटं पडतं.
आपल्या मुलखात तिथं 'खरं' येतं.
आजोबांचं स्यात्, येनातलं गणित,
दोन्ही घेऊन मी तीस वर्षं इथवरच आलो.
तू पुसू नको."

त्याच साली दोन्हीकडची माणसं आली त्यांच्याकडं,
वेगवेगळ्या दिवशी, प्रश्न एकच:
सर, पुस्तक कुणाचं?
एकांना म्हणाले, "तुमचंच, खरं..."
दुसऱ्यांना, "निम्मदे, आदरे..."
दोघंही वाक्य पुरं व्हायच्या आत उठले.
चहा तसाच.

तिसरं प्रूफ न्यायला सर आले नाहीत.
बाई आल्या, उन्हातनं, छत्री न उघडता.
कागदांवर हात ठेवला, वाचलं काही नाही.
"ते गेले खरं पुस्तक छापा."

मी केस ओढली.
'ख'चं घर रिकामं.
भैरूला हुबळीच्या गाडीत बसवून दिलं.