प्रश्न सातवा

कॉलेजच्या फाटकावर बॅनर अजून लटकतो आहे,
एका कानाने सुटलेला:
आंतरराष्ट्रीय शैक्षणिक आदानप्रदान, समाजकार्य व परिचर्या.
वारा आला की 'आदान' दुमडतं,
'प्रदान' तेवढं दिसत राहतं.

नॉर्वेहून दोघी आल्या होत्या, इंग्विल्ड आणि मारित.
एक नर्सिंगची, एक समाजकार्याची,
उन्हाने दोघींची नाकं सारखीच सोललेली.
मी त्यांची ट्यूटर, ड्रायव्हरला रस्ता दाखवणारी,
आणि दुभाषी,
कारण त्या आठवड्यात दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

कुडतरीत तळ्याच्या कडेला कोसेसांव माय.
वय ब्याऐंशी, साखर दोनशे चाळीस,
डाव्या टाचेला जखम, जुन्या रुपयाएवढी.
इंग्विल्ड सरळ जमिनीवर बसली,
पाय मांडीवर घेतला
आणि कापूस इतका हळू फिरवला
की मागे कुजबुजणाऱ्या माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुली
गप्प झाल्या.
पंधरा वर्षं मी फळ्यावर लिहिते आहे:
रुग्णाच्या नजरेच्या खाली बसा.
आम्ही वाकतो.
बसत नाही.

मग मारितने फॉर्म काढला.
प्रश्न सातवा: गेल्या आठवड्यात
तुम्हाला किती वेळा एकटं वाटलं?
कोकणीत त्याला शब्द आहे.
पण तो मायसमोर धरायचा म्हणजे
उघड्या जखमेवर स्पिरिट.
मी विचारलं, घरा कोण येता काय ना?

माय बोटं मोजू लागली.
पोदेर, दिवसाला दोनदा.
मासळीवाली, जुनी उधारी मागायला, पण बसते.
पाद्री, महिन्यातून एकदा.
शेजारणीची कोंबडी रोज,
अंडं मात्र तिकडे जाऊन घालते.
सगळ्या हसलो.
मारितने लिहिलं: शून्य.

आता विचारायची पाळी मायची.
"म्हजी लुर्देस स्विंडनाक आसा. तुजें घर लागीं?"
लुर्देस तिकडे वृद्धाश्रमात रात्रपाळी करते,
परक्या आयांना दर दोन तासांनी
कुशीवर वळवते, पाठ चिघळू नये म्हणून.
तिला कुठल्या विद्यापीठाने पाठवलं नाही.
आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला
आणि ती गेली, बॅनरशिवाय.
मारितने फोनवर नकाशा उघडला,
दोन बोटांनी ताणून मोठा केला.
मध्ये समुद्र.
"मागीर फेरीबोट आसतली न्ही?"
माय म्हणाली.
हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं.

निघताना स्टीलच्या वाटीत चण्याचा दोस,
वर ताटली, तिला रबर बँड.
गाडीत मी मारितला सांगितलं,
आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत,
साखरेचे चार दाणे का होईना, घालतात.
तिने वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली,
आणि विचारलं,
याला काही सैद्धांतिक आधार आहे का?

फेब्रुवारीत अहवाल आला, जाड कागदावर, रंगीत.
प्रश्न सातवा, कुडतरी:
बाकी गावांना निळे खांब,
इथे कोरी जागा.
खाली ओळ, या गटात एकटेपणा नगण्य.
मी उत्तर पाठवलं: धन्यवाद, फार उपयुक्त.
दुसरंही एक लिहिलेलं आहे,
'माझ्या भाषांतरात' इथपर्यंत,
ते मसुद्यांत पडून आहे.

काल ड्रेसिंगला गेले.
टाच भरली आहे, गुलाबी कातडी आली आहे.
मी जमिनीवर बसले होते. गुडघा वाजला.
"तीं भुरगीं?" मायने विचारलं. "आनी म्हजी वाटी?"
येईल, म्हटलं,
आणि पट्टीचं टोक चिकटवत राहिले.
माय थोडा वेळ तळ्याकडे बघत होती.
मग मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली,
"रिती कशी धाडपाची,
म्हणून रावल्यांत आसतलीं."